पासष्टच्या बंदुकीत सत्तरचं काडतूस

आमच्या गावात बंदूक कुणाचीही असो, शेवटचा शब्द माझा. बावीस वर्षं फौजेत काढली, त्यातली नऊ बंदुकांच्या कोठीत. पेन्शनीत आल्यावर लोक 'हवालदार' म्हणून हाक मारतात आणि मीही छाती फुगवून ओ देतो. 'मला हे माहीत नाही' एवढं चार शब्दांचं वाक्य मात्र माझ्या तोंडातून कधी निघालं नाही. निघालं असतं तर बरं झालं असतं.

जालिंदर माझा शाळेपासूनचा दोस्त. तासगावच्या बाजूला द्राक्षाचं कलम बांधावं तर त्यानंच, अशी त्याची ख्याती. रानडुकरांनी मका लोळवायला सुरुवात केली, तेव्हा त्यानं आजोबांची दुनळी बंदूक रीतसर परवाना काढून आपल्या नावावर करून घेतली, सांगलीहून काडतुसं आणली आणि सगळं घेऊन माझ्याकडे आला.

"नाथाजी, ही काडतुसं ह्या जुन्या बंदुकीत चालत्याल का रं?"

मी एक काडतूस नळीत सोडलं. टपकन बसलं. बंदूक मिटली, उघडली.

"बसतंय म्हंजे चालतंय. टाक बार बिनघोर."

मी ज्या रायफली सांभाळल्या त्यांच्या काडतुसांना तोंड दुमडलेलं नसतं. ह्या छऱ्यांच्या काडतुसांना असतं. डब्यावर लिहिलेली लांबी ही बार उडाल्यावर, तोंड उलगडल्यानंतरची. म्हणून लांब काडतूसही नळीतल्या आखूड घरात गुमान बसतं, पण उडताना त्याला उलगडायला जागा मिळत नाही आणि सगळा दाब नळीवर येतो. डब्यावर सत्तर मिलिमीटर होतं. बंदुकीवर पासष्टचा ठसा होता, पण तो नळ्यांच्या खालच्या अंगाला. नळ्या सुट्या करून वाचायला दोन मिनिटं लागली असती. मी चहा मागवला.

तिसऱ्या दिवशी पहाटे मक्याच्या कडेला नळी फुटली. जालिंदरची डाव्या हाताची तीन बोटं गेली. पोलिस येण्याआधी मी तिथं पोचलो, पडलेल्या नळ्यांवरचा ठसा वाचला आणि गप्प बसलो. दवाखान्यातही गप्पच बसलो. भित्रा होतो, दुसरं काय!

चार महिन्यांनी शेजारच्या वाडीतला भाऊसो आपली बंदूक घेऊन दारात आला.

"आवं हवालदार, एवढी काडतुसं बघा. जालिंदरतात्यानं तुमचं ऐकलं असतं तर त्येचा हात वाचला असता."

"माझं काय ऐकलं असतं?"

"तुमी नको म्हणला व्हता की! त्येनंच सांगितलंय समद्यांस्नी. पोलिसांस्नीबी."

भाऊसोला तिथंच सोडून मी जालिंदरच्या बागेत गेलो. तो बांधावर बसून दोन गड्यांना कलम कसं बांधायचं ते तोंडानं सांगत होता. मी त्याला बाजूला घेतलं.

"खोटं का सांगितलंस?"

"दवाखान्यात आलास तवा तुझं त्वांड बघूनच मला समदं कळलं," तो म्हणाला. "माझी बोटं तर गेलीच व्हती, गड्या. तुझं नाव कशापायी घालवायचं? दोघांनी थोटं व्हऊन काय उपेग?"

मला रडू आवरेना. शिव्या घातल्या असत्या तर सोसल्या असत्या. ह्या माणसानं माझ्यासाठी स्वतःला गावभर मूर्ख ठरवून घेतलं होतं, आणि मी चार महिने रुबाबात ओ देत फिरत होतो.

तिथून तडक मारुतीच्या पारावर गेलो. भाऊसो मला शोधत तिथं येऊन बसला होता, आणखी आठ-दहा माणसं होती. मी उभं राहून सगळं सांगितलं. सत्तर, पासष्ट, चहासुद्धा. चूक जालिंदरची नव्हे, माझी. तो विचारायला आला होता आणि मीच 'टाक बार' म्हणालो.

मग भाऊसोनं मान डोलावली.

"ह्येला म्हंत्यात दोस्ती! मित्राचा दोष सोत्ताच्या अंगावर घ्यायला लय मोठं काळीज लागतं."

"आरं, खरं सांगतोय मी!"

"व्हय, व्हय," तो हसून म्हणाला, आणि मला बसायला जागा द्यायला उठून उभा राहिला.