मानाची दांडी

मित्रांनो, मी एक जुनी दांडी आहे. संध्याकाळी कोंबड्या जिच्यावर चढून बसत, ती खुराड्यातली दांडी. माझ्या अंगावरचा लाल रंग आता बराचसा उडाला आहे. एक टोक वाकलेले आहे, पण ते म्हातारपणाने नव्हे, मुद्दाम वाकवलेले आहे. आणि एक आधीच सांगून टाकते, माझा स्वभाव चांगला नाही. मला दुसऱ्याचे बरे झालेले बघवत नाही.

आत-बाशीच्या खोऱ्यात, नदीकाठी मी वाळुंजाची फांदी म्हणून वाढले. माझ्या मालकिणीच्या, बुरुलचाच्या वडिलांनी मला तोडले, वाफेवर शेकून एका टोकाला बाक दिला आणि लाल रंग लावला. लेकीच्या लग्नात द्यायला ते नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडाचे घर बांधत होते. त्याच्या छताला आम्ही पासष्ट काठ्या होतो. वर लाकडी कड्यात आमची टोके खोचलेली आणि खाली बुरुलचाचा संसार. दर उन्हाळ्यात ते घर उकलून घोड्यांवर लादायचे आणि कुरणावर पुन्हा उभे करायचे. तिचा मुलगा तालांत आमच्याखालीच जन्मला.

पुढे नमद्याला कसर लागली आणि कुरणावर जाणेही थांबले. माझ्या बहिणींची वाताहत झाली. कोणी कुंपणात गेली, कोणी कपड्यांच्या दोरीला टेकू म्हणून उभी राहिली. मी तेवढी धडधाकट उरले होते. बुरुलचाने मला खुराड्यात आणले, पण तिथेही तिने रीत सोडली नाही. आमच्याकडे घरात दारासमोरची जागा मानाची, ती वडीलधाऱ्यांची. म्हणून तिने मला दारासमोरच्या भिंतीपाशी, सगळ्यात उंच बसवले.

कोंबड्यांना उंच जागेचा भारी सोस. अंधारून येऊ लागले की माझ्यावर जागा मिळवायला त्यांची चोचाचोची चाले. मला वाटे, हे सगळे माझ्यासाठीच. मी फुशारून जाई.

मग तालांतचे लग्न झाले आणि मेरिम सून होऊन घरात आली. येताना तिने सहा कोंबड्या आणल्या. तिच्या आईने एकेक निवडून दिल्या होत्या. त्यातली काबरी तिची फार लाडकी. मेरिमने पहिल्याच आठवड्यात मला निरखून पाहिले आणि तिच्या कपाळाला आठी पडली. पण नव्या सुनेने सासूला तोंडावर काही सुचवायचे नसते. लेकी बोले सुने लागे, हे तुम्हाला ठाऊक आहे. आमच्याकडे सून कोंबडीला बोले आणि सासूला लागे.

"काय गं काबरे," मेरिम खुराडे झाडता झाडता म्हणे, "एवढ्या बारीक दांडीवर तुझी बोटं बाहेरच राहतात की. थंडीत पिसांखाली घ्यायची कशी? पण सांगायचं कुणाला?"

बाहेर दूध घुसळत बसलेली बुरुलचा उत्तर देई, "काबरीला म्हणावं, ती दांडी माझ्या बापाच्या हातची आहे. काढून काय चुलीत घालू?"

"एने, मी कुठं काय म्हटलं? कोंबडीशी बोलत होते मी." सासूला ती एने म्हणे.

पानगळ सुरू झाली तेव्हा तालांतने गोठ्याच्या कामातून उरलेली चिडाच्या लाकडाची एक फळी आणून दिली. चांगली चार बोटे रुंद. मेरिमने तिच्या कडा तासून गोल केल्या, हात फिरवून फिरवून एकही कुसळ राहू दिले नाही. पिसवा होऊ नयेत म्हणून तिच्या भेगांत राख भरली. मित्रांनो, मी हे सारे वरून पाहत होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. काय होते त्या सटवीत? ना रंग, ना बाक, ना कुळ. मला असे मायेने कोणी कुरवाळल्याला चाळीस वर्षे झाली होती.

मेरिमने फळी हातात धरून माझ्याकडे नुसते पाहिले. बुरुलचा दारात उभी होती.

"ती नवी आहे, खाली बसेल," बुरुलचा म्हणाली. "वडीलधारं वर."

मेरिमने मान खाली घातली आणि फळी माझ्या खाली, गुडघ्याएवढ्या उंचीवर ठोकली. त्या दिवशी मला जो आनंद झाला, तो सांगायलाही आता लाज वाटते. कोंबड्या फळीवर उडी मारीत, तिथून माझ्यावर येत. ती बिचारी नुसती पायरी झाली. रोज सकाळी तिच्यावर माझ्यावरून पडलेली कोंबड्यांची घाण असे आणि ती पाहून माझा जीव थंड होई.

मग चिल्दे आले, हिवाळ्यातले सर्वांत कडक चाळीस दिवस. बादलीतले पाणी भरता भरता गोठू लागले. काबरी माझ्या मधोमध बसे. तिची बोटे माझ्याभोवती आवळलेली असत. पहिल्या रात्री ती गार लागली, तिसऱ्या रात्री त्यांत जीवच जाणवेना. मला कळत होते. खाली फळी रिकामी होती, तिच्यावर पाय सपाट ठेवून पिसांखाली घेता आले असते. पण काबरीने तिथे उतरावे, असे मला एकदाही वाटले नाही.

चौथ्या सकाळी काबरी माझ्यावरून धपकन खाली पडली. तिला उभे राहता येईना. दोन बोटे काळी पडली होती. मेरिम तिला उराशी धरून रडू लागली. बुरुलचाने परातीत कोमट पाणी आणले आणि कोंबडीचे पाय त्यात धरले.

"तुला हे ठाऊक होतं?" तिने मेरिमला विचारले.

"मी काबरीला सांगितलं होतं, एने."

"कोंबडीला काय डोंबल कळतंय? उद्यापासून मला सांगत जा. सरळ तोंडावर."

"तुम्हाला राग येईल."

"येईल. एक वाटी चहा प्यायले की जाईल. हिची बोटं परत येणार आहेत का?"

काबरीची ती दोन्ही बोटे गेली. बुरुलचाने मला स्वतःच्या हाताने उतरवले. फळीशेजारी तशीच दुसरी फळी आली, अगदी तेवढ्याच उंचीवर. आता तिथे कोणाचाच मानपान नाही, म्हणून भांडणही नाही.

मी आता खुराड्याच्या दाराबाहेर असते. रोज दार लावून मला त्याला टेकवतात, कोल्हा येऊ नये म्हणून. मित्रांनो, तुम्ही कोंबड्या पाळाल तर त्यांना रुंद, सपाट फळी द्या. एखादी जुनी वस्तू जिवापाड आवडत असेल तर ती पुसून घरात जपून ठेवा. तुमच्या आवडीपायी मुक्या जिवाचे पाय गोठवू नका.

फळीचा मला अजूनही हेवा वाटतो. स्वभावाला औषध नाही. पण संध्याकाळी सगळ्या कोंबड्या आत जातात आणि काबरी मागून लंगडत येते. माझ्यापाशी थांबते, सवयीने मान उंच करून माझ्याकडे बघते. तेव्हा मी मनातल्या मनात तिला म्हणते, इथे नको गं, आत जा. फळीवर तुझी जागा ठेवली आहे बाकीच्या कोंबड्यांनी.