चित्र हललं का?

विनोद ही ईश्वरी देणगी आहे. टेलिव्हिजन नवीन होतं तेव्हा ती दर बुधवारी अर्धा तास, थेट प्रक्षेपणात, बंद स्टुडिओत द्यावी लागे. आणि तिथे हसायला मनाई होती. माइक सगळंच उचलायचा.

त्यामुळे आपला विनोद लागू पडला की नाही, हे कळायचा विनोदवीराकडे एकच मार्ग होता. कॅमेरामनला हसू आवरेनासं झालं की कॅमेरा हाले, आणि घरोघरी चित्र हाले. बायको शेजाऱ्यांच्या सेटवर कार्यक्रम बघे आणि किती वेळा हललं ते सांगे.

त्या बुधवारी तो घरी आला, तर ती थेट ताट वाढायला लागली.

"हललं का?"

"आधी जेवून घ्या."

"अगं, हललं का?"

"नाही हो. भिंतीवरच्या फोटोसारखं होतं."

तो न जेवता झोपला, म्हणजे आडवा झाला. शुक्रवारी करार नव्याने व्हायचा होता. मेहुण्याने रंगाच्या दुकानात त्याच्यासाठी एक खुर्ची केव्हाची अडवून ठेवली होती. खुर्चीचं काही नाही, पण सोबत रोज सकाळी "मी म्हणत नव्हतो?" ऐकावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी तो कॅन्टीनमध्ये कॅमेरामनसमोर जाऊन बसला.

"खरं सांगा, मी संपलो ना?"

"कोण म्हणतं?"

"काल चित्र हललं नाही."

"हलेल कसं? लोकांच्या तक्रारी आल्या. साहेबांनी नवा स्टँड आणलाय. हत्तीने धडक दिली तरी ढिम्म! हसून हसून माझं पोट अजून दुखतंय."

विनोदवीराच्या जिवात जीव आला. इतका, की त्याने स्वतःहून चहा मागवला. मग कलावंतच तो, त्याला आणखी हवं झालं.

"कुठल्या विनोदाला हसलात?"

"विनोद? अहो, माझ्या कानाला हेडफोन. त्यात साहेब ओरडत असतात. तुमचं एक अक्षर आजवर मला ऐकू आलेलं नाही."

"मग?"

"वाक्य विसरलात की तुमचा चेहरा होतो ना! तोंडाला साबण लावावा आणि नळ जावा, तसा. काल तर दोनदा!"

विनोदवीराने उरलेला चहा एका घोटात संपवला. मग म्हणाला, "चला. चेहरा तर शाबूत आहे."

शुक्रवारी करारावर सही झाली. मेहुण्याने खुर्ची दुसऱ्या कुणाला दिली.

त्या आठवड्यापासून त्याने पाठांतर सोडलं. कार्यक्रम आणखी सतरा वर्षं चालला.