आरशातली राखाडी गाडी

कचेरीत सगळे त्यांना मास्तर म्हणायचे, कारण ते गाड्यांना गुण द्यायचे. ब्रेकला दहापैकी इतके, स्टिअरिंगला इतके, मागच्या सीटला इतके. गाड्यांच्या मासिकात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. मास्तरांच्या गुणांवर लोक गाड्या घ्यायचे आणि नंतर गॅरेजच्या दारात उभं राहून त्यांच्याच नावाने बोटं मोडायचे. मास्तरांना त्याचं काही नसे. वाचक म्हटला की कुरकुरणारच, असं ते हसत म्हणायचे.

या महिन्याला दोन छोट्या गाड्यांची तुलना होती, एक निळी आणि एक राखाडी. लांबी सारखी, इंजिन जवळपास सारखं, पण हाडं निराळी. राखाडीची मागची दोन्ही चाकं आपापल्या सस्पेन्शनवर स्वतंत्र उभी होती. निळीच्या मागच्या चाकांना जोडणारा एकच आडवा दांडा होता, त्यामुळे एक चाक खड्ड्यात गेलं की दुसऱ्यालाही त्याचा धक्का बसे. शिवाय निळी बुडाला हलकी. वळणात असताना अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय पटकन उचलला की तिचं वजन पुढे झुके, मागची चाकं हलकी होत आणि शेपूट बाहेर निघे. मास्तरांना ही खोड फार आवडायची. दोन वर्षांपूर्वी त्यांनी निळीबद्दल ‘खेळकर’ असा शब्द लिहिला होता आणि त्या खेळकरपणासाठी एक गुण चढा दिला होता. त्यांच्या लेकीने बापाच्या शब्दावर तीच गाडी घेतली.

कंपनीने द्यायची निळी आयत्या वेळी आलीच नाही, म्हणून तुलनेसाठी लेकीचीच गाडी एका दिवसापुरती मागून आणली होती. सकाळी गावाबाहेरच्या मैदानावर पाणी मारून दोन्ही गाड्या घसरवून पाहिल्या. ही चाचणी करताना त्यांची एक रीत होती. आजकालच्या गाड्या घसरायला लागल्या की आतलं इलेक्ट्रॉनिक्स चाकांना आपणहून ब्रेक लावून सावरून घेतं, जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ देत नाही, आणि मग गाडीची खरी जात कळत नाही. म्हणून मास्तर आणि त्यांचा मेकॅनिक त्याचा फ्यूजच काढून ठेवायचे. फ्यूज निघाला की स्टिअरिंगला लाल चिंधी बांधायची, आणि परत बसवला की मगच चिंधी सोडायची. चिंधी नसेल तर गाडी ठीक आहे, असं दोघांनी गृहीत धरलेलं. आजवर कधी चूक झाली नव्हती.

दुपारी लेक चार वर्षांच्या नातीला घेऊन आली, किल्लीच्या खिळ्यावरून आपली किल्ली उचलली, केबिनच्या काचेवर टकटक केली आणि हात हलवून गेली. तिला डोंगर उतरून पलीकडे नवऱ्याकडे जायचं होतं. मास्तर लेख लिहीत होते, त्यांनी मान वर न करताच हात हलवला. थोड्या वेळाने तिने रस्त्याच्या कडेला थांबून फोन केला.

“बाबा, समोर एक पिवळा दिवा लागलाय. घसरणाऱ्या गाडीचं चित्र आहे त्यात.”

“चिखल उडाला असेल सेन्सरवर. जाईल आपोआप,” मास्तर म्हणाले. त्यांच्या डोक्यात एक वाक्य घोळत होतं, ते सुटू नये म्हणून त्यांनी फोन ठेवलासुद्धा.

ते वाक्य निळीबद्दलच होतं. ‘इलेक्ट्रॉनिक्सचा आधार काढून घेतला तर ओल्या वळणावर ही गाडी नवख्या माणसाला क्षणात उलटं फिरवेल.’ वाक्य झकास उतरलं म्हणून मास्तर खुर्चीत मागे रेलले, तेवढ्यात मेकॅनिक दारात आला. त्याच्या तळहातावर छोटासा फ्यूज होता.

“मास्तर, हा एक उरलाय डबीत. राखाडीचा तर मी बसवला.”

“मग निळीचा तू नाही बसवलास?”

“मला वाटलं तुम्ही बसवलात. चिंधी नव्हती ना तिला.”

मासिकाचा फोटोग्राफर बाजूच्या टेबलावर आपले फोटो बघत बसला होता. त्याने मान वर केली. “चिंधी मी काढली होती. स्टिअरिंगचा फोटो घ्यायचा होता, तिथे ते फडकं किती घाण दिसत होतं.”

मास्तरांना फोनवरचा पिवळा दिवा आठवला आणि ते खुर्चीतून उठले. डोंगराच्या रस्त्यावर सकाळपासून धुकं होतं, कपारींतून पाणी झिरपत होतं. लेक त्यांच्या वाक्यातलीच गाडी घेऊन तिथे गेली होती आणि मागच्या सीटवर नात होती.

त्यांनी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. लेक गाडी चालवताना फोन उचलत नसे, पर्समध्ये घालून पर्स मागे टाकत असे. ही शिस्त तिला मास्तरांनीच लावली होती, चांगली कान धरून लावली होती. तिसऱ्यांदा लावला तेव्हा ‘संपर्कक्षेत्राबाहेर’ असं उत्तर आलं.

“तू लावत राहा,” असं मेकॅनिकला सांगून, त्याच्या हातातला फ्यूज घेऊन मास्तर धावत खाली गेले. मागच्या अंगणात, कुणाच्या नजरेला पडणार नाही अशी, राखाडी उभी होती. तिच्या नाकावरच्या कंपनीच्या चिन्हावर काळी पट्टी चिकटवलेली, काचांना गडद फिल्म आणि नंबरप्लेट तात्पुरती. गाडी अजून बाजारात आली नव्हती, ती कुणी ओळखू नये म्हणून हा सगळा बुरखा होता. मास्तरांनी ती बाहेर काढली.

गाव संपलं, चढ संपला आणि पलीकडची उतरण सुरू झाली. राखाडी वळणं अशी घेत होती की दुसऱ्या कुठल्याही दिवशी मास्तरांनी खूश होऊन शीळ घातली असती. स्टिअरिंग वळवावं तितकंच वळत होतं, मागची चाकं पुढच्यांच्या मागोमाग मुकाट येत होती. पण मास्तर प्रत्येक वळण दोनदा घेत होते, एकदा राखाडीतून आणि एकदा मनातल्या मनात निळीतून. इथे रस्ता ओला आहे, इथे ती ब्रेक मारेल. इथे समोरून ट्रक आला तर दचकून पाय उचलेल. इथे शेपूट बाहेर निघेल, इथे कठडा नाही. आयुष्यभर कमावलेलं सगळं ज्ञान आता त्यांच्या उरावर बसलं होतं. काहीच माहीत नसलेला बाप निदान नुसता घाबरला असता. यांना लेक कुठल्या वळणावर, कुठल्या बाजूला, किती घसरेल हेही दिसत होतं. प्रत्येक वळणापलीकडे तुटलेला कठडा दिसेल असं वाटून ते आधीच डोळे बारीक करत होते.

आणि मग खालच्या वळणावर, धुक्याच्या फटीतून, निळी दिसली. चारही चाकांवर, सुखरूप, आपल्या बेताच्या वेगाने चाललेली. मास्तरांना रडू फुटायचंच बाकी राहिलं. त्यांनी अंतर कापलं, हॉर्नवर हात नेला आणि तसाच थांबवला.

हॉर्न वाजवला तर ती दचकेल. दचकली की पाय उचलेल. समोर डावं वळण होतं, ओलं. मास्तरांनी हॉर्नवरचा हात इतक्या हळू मागे घेतला, जणू तिथे झोपलेलं मूल होतं. दिवे मारले तरी तेच होणार. ओव्हरटेक करून पुढे आडवं उभं राहावं, तर ती करकचून ब्रेक मारणार, आणि त्या फ्यूजवाचून चाकं जाम होऊन गाडी सरळ दरीकडे जाणार. लेक हाकेच्या अंतरावर होती आणि हाक मारायची सोय नव्हती. मागोमाग जावं आणि सरळ, रुंद जागा आली की बघावं, एवढंच त्यांच्या हातात उरलं होतं.

एक सरळ पट्टा आला. मास्तर जरा जवळ सरकले, काच खाली केली आणि हात बाहेर काढून हलवला. तशी निळी एकदम पुढे झाली.

मास्तरांना आधी कळलंच नाही. त्यांनी वेग वाढवला, तिनेही वाढवला. मग लख्खकन त्यांच्या डोक्यात आलं की आपल्या लेकीच्या आरशात आत्ता काय दिसतंय. धुक्यातला निर्जन रस्ता, गाडीत ती आणि लहान मूल, आणि मागे लागलेली एक अनोळखी गाडी. नावाचा पत्ता नाही, नंबर धड नाही, काचा काळ्या आणि खिडकीतून एक हात खुणा करतोय. ती मास्तरांनाच भिऊन पळत होती.

पुढचं वळण तिने फार वेगात घेतलं. मास्तरांनी पाहिलं. वळणाच्या पोटात तिने घाबरून पाय उचलला असणार, कारण निळीची शेपूट सुटली, वीतभर, हातभर, डबक्यातलं पाणी उडवत कठड्याच्या दिशेने गेली, थरथरली आणि कशीबशी परत रेषेवर आली. मास्तरांच्या तोंडून नुसताच आवाज निघाला. हाच तो खेळकरपणा. याच्यासाठीच त्यांनी एक गुण चढा दिला होता.

त्यांनी राखाडी बाजूला घेतली आणि थांबवली.

याहून अवघड काम त्यांनी जन्मात केलं नव्हतं. लेक धोक्यात असताना गाडी थांबवून बसायचं, कारण आपण थांबलो तरच धोका कमी होणार. आरशात मागे कुणी नाही असं दिसलं तर ती हळू होईल. होईल ना? ते दार उघडून बाहेर आले. खालून निळीच्या इंजिनाचा आवाज येत होता, वळणागणिक बारीक होत होता. एकदा टायरचा कर्रकन आवाज आला आणि मास्तर रस्त्याच्या कडेपर्यंत धावले. नंतर पुन्हा इंजिन ऐकू आलं. मग तेही ऐकू येईना. ते दरीकडे कान लावून उभे राहिले. पाण्याच्या झिरपण्याशिवाय कसलाच आवाज नव्हता. लेक दूर गेली म्हणून आवाज थांबला की दुसऱ्या कशाने, हे सांगणारं तिथे कुणी नव्हतं.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. फोन वाजला तेव्हा तो त्यांच्या हातातून पडता पडता वाचला.

“बाबा!” लेक रडत होती. “बाबा, एक गाडी आमच्या मागे लागली होती. राखाडी. काळ्या काचांची. मी मधल्या पेट्रोल पंपावर आलेय, इथे माणसं आहेत. तू लगेच ये. मला फार भीती वाटतेय.”

“पिल्लू बरी आहे?”

“हो. तू ये ना.”

“आधी किल्ली काढ गाडीची. काढलीस? गाडीला हात लावू नकोस आता.” मास्तर म्हणाले. “आणि ऐक. ती राखाडी गाडी माझी होती. मीच होतो मागे.”

पलीकडून नातीचा आवाज आला, “आई, कोण आहे गं?” त्यावर लेक काय म्हणाली ते मास्तरांना ऐकू आलं नाही. फोन बंद झाला होता.

पंपावर पोचले तेव्हा लेक नातीला कडेवर घेऊन ऑफिसच्या दारात उभी होती. राखाडी आत वळताना पाहून तिने मुलीला छातीशी घट्ट धरलं, बाप उतरलेला दिसला तरी तशीच उभी राहिली. मास्तरांनी निळीच्या डॅशबोर्डखाली वाकून फ्यूज बसवला. तो दोनदा खाली पडला. इंजिन चालू केलं, पिवळा दिवा लागला आणि विझला. मग ते उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगितलं. चिंधीचं सांगितलं, फोटोचं सांगितलं आणि फोनवर चिखलाचं का म्हणालो तेही सांगितलं.

“मी विचारलं होतं तुला,” लेक म्हणाली. “मी दिवा बघितला होता आणि परत फिरणार होते. तू म्हणालास म्हणून नाही फिरले.”

“हो.”

“आणि मग तुलाच घाबरून पळवली गाडी.”

“गाड्या बदलू या,” मास्तर म्हणाले. “तू राखाडी घे. उरलेला उतार तिच्यात एकदम आरामात जाशील. चांगली आहे ती. मी सांगतो.”

लेकीने त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं. ती नुसती थकलेली होती. “नको. माझी मी चालवते,” ती म्हणाली.

“मग मी मागून येतो, सावकाश.”

“मागून नको!” हे इतक्या मोठ्याने आलं की पंपावरच्या माणसानेही वळून पाहिलं. मग ती हळू आवाजात म्हणाली, “बाबा, मला आरशात ती गाडी नाही बघवत. तू पुढे हो.”

मास्तर पुढे झाले. अर्धा डोंगर अजून उतरायचा होता आणि धुकं तसंच होतं. राखाडी गुणी बाळासारखी वळणं घेत होती, त्यांचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. त्यांचे डोळे आरशाला चिकटले होते. ते हळू झाले की निळी आणखी हळू होई. लेक इतकं अंतर ठेवून येत होती की सरळ रस्त्यावर कुठे तरी तिचे दिवे दिसत, आणि बहुतेक वळणांवर आरसा रिकामाच असे.