म्हाळसेचा गाठा

सन १९३२ची गोष्ट. गुरुवारचा बाजार म्हणजे बनाबाईची पहाटेपासून तारांबळ. काटेवाडीच्या मळ्यातली वांगी-मेथी डोक्यावर घेऊन ती बारामतीला यायची आणि आधी दोन ठरलेल्या घरी भाजी टाकायची, चिंतामण मास्तरांकडे आणि श्रीपाद वकिलांकडे. त्या गुरुवारी मात्र तिचं भाजीत लक्ष नव्हतं. तिच्या नऊ वर्षांच्या म्हाळसेला रविवारी खंडोबाला वाहायचं ठरलं होतं. एकदा गळ्यात कवड्यांचा गाठा पडला की पोर मुरळी झाली. मग जन्मभर गावोगाव नाचायचं. लग्न नाही, संसार नाही.

नवस सासऱ्यांचा, दत्तोबांचा. लग्नाला आठ वर्षं होऊनही सुनेची कूस उजवेना, तेव्हा पहिलं मूल देवाला देईन असं ते बोलून बसले होते. माणूस दुष्ट नव्हता हो! नातीला पाहून त्यांच्याही डोळ्यांत पाणी यायचं. पण नवस मोडला तर धाकट्या नातवावर देव कोपेल, ही धास्ती. ती धास्ती बनाबाईलाही होतीच.

मास्तर पक्के नास्तिक. देवच नाही तर नवस कसला, हे त्यांनी तिला तासभर समजावलं. तिने हात जोडले. एवढंच रविवारी देवळात येऊन सांगा, म्हणाली. त्यावर मास्तर ताठ झाले. दहा वर्षांत आपण देवळाची पायरी चढलो नाही, तत्त्व म्हणजे तत्त्व. डोंबलाचं तत्त्व! वकिलांचं आणखी निराळं. देव आहे की नाही हे माणसाला कळणं शक्यच नाही, असं त्यांचं मत. मग जे ठाऊक नाही त्याबद्दल चारचौघांत बोलावं कसं? वांगी तेवढी दोघांनीही निवडून घेतली.

रविवारी देवळात भंडारा उधळला. पुजाऱ्याने गाठा उचलला, तशी बनाबाई मधे येऊन उभी राहिली.

"देवा, तू हायस, म्हणून तुलाच सांगती," ती म्हणाली. "पोर माजी हाय. मी न्हाय देणार. कोपायचं तर माज्यावर कोप."

दत्तोबा मटकन खाली बसले, पण आड आले नाहीत. लेकीचा हात धरून ती बाहेर पडली.

पुढच्या गुरुवारी मास्तर दारातच तिची वाट पाहत होते. त्यांनी तिला शाबासकी दिली. तुझा देवावरचा विश्वास उडाला, फार चांगलं झालं, म्हणाले.

बनाबाईने टोपली खाली ठेवली. आठवडाभर धाकटा नुसता शिंकला तरी तिच्या काळजात धस्स होत होतं.

"इस्वास हाय मास्तर, म्हणून तर लई भ्या वाटलं. तुमाला तर कशाचंच भ्या न्हवतं. मंग तुमी का आला न्हाय?"

मास्तर खाली वाकून वांगी निवडू लागले. वाचकहो, तुम्हाला उत्तर सुचतं का?