सारजाबाईचा अंगठा

उरवड्याच्या सारजाबाईनं हाक मारली की ओढ्यापलीकडची म्हैससुद्धा मान वर करून बघायची. घरामागच्या खोल्यांत कंपनीत कामाला असलेली बिहारची पोरं भाड्यानं राहायची. सारजाबाईचं हिंदी त्यांना कधी कळलं नाही, पण तिची बोलणी खाऊन खाऊन बिचारी मराठी शिकली. अशा बाईच्या गळ्याला आता भोक होतं. तीन आठवड्यांपूर्वी तिचा श्वास अडकला, पुण्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी घाईघाईनं गळ्यात नळी बसवली आणि तेव्हापासून तोंडातून शब्द फुटत नव्हता.

"गाठ हाय, काडली की झालं," एवढंच मुलगा अमोल सांगायचा. कसली गाठ, हे विचारायला तिच्याकडे आवाज नव्हता. सिस्टरनं लिहायला वही दिली, तर अमोलनं "चष्मा घरी ऱ्हायलाय" असं ठोकून दिलं. आई निरक्षर आहे हे सांगायची त्याला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी सिस्टरनं बिचारीनं कुणाचा तरी चष्मा मागून आणला. सारजाबाई तो डोळ्यांवर चढवून कोऱ्या पानाकडे बघत बसली. तिला रडूही येत होतं आणि रागही.

घरी आल्यावर तर तिच्यासमोरच तिच्याविषयी बोलणं चालायचं. तिनं हातानं काही खुणावलं की पाणी मिळायचं. पाणी नको असलं तरी पाणीच मिळायचं.

सोमवारी ऑपरेशन होतं. संमतीचा फॉर्म दवाखान्यानं आधीच घरी दिला होता, समजून घेऊन सही करून आणा म्हणून. रविवारी सकाळी नांद्याहून तिचा धाकटा भाऊ हैबतराव आला. जमिनीच्या व्यवहारांत मुरलेला माणूस. गाडीत पाण्याची बाटली नसेल एक वेळ, पण शाईचा पॅड असायचाच. तो त्यानं कॉटवर ठेवला.

असला पॅड सारजाबाईनं आधीही पाहिला होता. बावीस वर्षांपूर्वी, राखीच्या दुसऱ्या दिवशी, हैबतरावनं तिला पौडच्या कचेरीत नेलं होतं. "नुसती नावं लावायची हायेत, अक्का," म्हणत त्यानंच तिचा अंगठा धरून कागदावर टेकवला. ते वडिलांच्या शेतातला वाटा सोडल्याचं हक्कसोडपत्र होतं, हे तिला नंतर गावाकडून कळलं. त्या शेतावर आता बारा मजली इमारत आहे. तेव्हा गळा शाबूत असून तिनं विचारलं नव्हतं, याचीच तिला जास्त खंत होती.

"आन हात हिकडं, अक्का. उद्या लवकर निगायचंय."

सारजाबाईनं अंगठा मुठीत दडवला.

"भेदरलीया. अमोल, तू धर जरा."

अमोलनं मूठ धरली. हळूच धरली, पण धरली.

"पाणी देऊ का, आई?" सून शुभांगीनं विचारलं.

सारजाबाईनं हात हिसकला. नळीच्या तोंडावर बोट ठेवू नका, श्वास कोंडेल, असं सिस्टरनं दहादा बजावलं होतं. तिनं मुठीतला अंगठा काढला आणि सरळ नळीवर दाबला. डोळे तारवटले, मानेच्या शिरा ताठ झाल्या, नळीतून निसटणारा श्वास घशाकडे वळला आणि तीन आठवड्यांनी तोंडातून फाटका आवाज आला.

"आदी... वाचून दाव."

अंगठा काढताच श्वास घरघरत आत गेला. अमोलनं कागद उचलला. नाव, वय, गाव घडाघडा वाचलं. मग "घशाचा कर्करोग" पाशी तो अडला.

"कशाला तिला तरास देतुयास?" हैबतराव म्हणाला.

सारजाबाईनं कागदावर बोट आपटलं. अमोल वाचत गेला. गाठ किती पसरली आहे हे ऑपरेशनच्या वेळीच नक्की कळेल. गरज पडल्यास पूर्ण स्वरयंत्र काढावं लागेल. त्यानंतर पूर्वीसारखं बोलता येणार नाही. आजार पुन्हा होणार नाही याची खात्री देता येत नाही.

"म्हंजी त्यास्नी बी ठावं न्हाई, आई," तो म्हणाला. "आन मला बी न्हाई."

इतक्या दिवसांत तो पहिल्यांदा खरं बोलला होता. सारजाबाईला भीती वाटली. नको म्हणावं तर गाठ वाढणार, हो म्हणावं तर आवाज जाणार. दोन्हीकडून दार बंद होतं. शेवटी तिनं पॅड ओढला. अमोलचा हात सवयीनं पुढे आला, तो तिनं बाजूला सारला. स्वतःच अंगठा शाईत दाबला आणि स्वतःच कागदावर उठवला. हैबतराव खिडकीबाहेर बघत होता.

मग तोच अंगठा तिनं पुन्हा नळीवर ठेवला.

"आवाज गेला... तरी इचारत जा मला."

नळीच्या कडेला निळी शाई लागली होती. शुभांगी कापूस घेऊन आली, वाकली आणि थांबली.

"पुसू का, आई?"

सारजाबाईनं जरा वेळ घेतला, मग मान डोलावली.