बिस्किट खाणारा पाहुणा

घड्याळजींनी जन्मभर लोकांची बंद घड्याळं चालू केली. स्वतःच्या घरात मात्र बोलणं बंद पडलेलं. दुकान विकल्यावर जावयाने त्यांना कॉम्प्युटर आणून दिला. बायकोला वाटलं, चला, मुक्याला मुका भेटला.

एके सकाळी ते कॉम्प्युटरवर पत्ते लावत बसले होते. बदाम नव्वी कुठे ठेवावी या विचारात असताना बाण आपोआप सरकला आणि नव्वी इस्पिक दश्शीवर जाऊन बसली.

"अगं, कुणीतरी आलंय," ते म्हणाले. घाबरून नव्हे, गिऱ्हाईक आल्यासारखं.

मग पाहुणा रोज येऊ लागला. आला की सीडीचा ट्रे बाहेर काढायचा. घड्याळजी म्हणायचे, "या, या." पाहुण्याला कोरडं कसं ठेवायचं, म्हणून एकदा त्यांनी ट्रेवर बिस्किट ठेवलं. ट्रे आत गेला.

"खाल्लं," ते समाधानाने म्हणाले.

पाहुणा फोनच्या तारेतून यायचा, म्हणून ते इंटरनेट बंद करू देईनात. लेकीचे दिवस भरत आलेले आणि इकडे इंटरनेटपायी फोन सदा गुंतलेला.

"सवत परवडली," बायको म्हणाली. "तिला निदान तोंड असतं." आणि तिने शेजारणीच्या फोनवरून दुरुस्तीवालीला बोलावलं.

दुरुस्तीवालीने ट्रे उघडला. "हा चुरा कसला?"

"पाहुणचाराचा."

"काका, हा पाहुणा नव्हे, घुसखोर. मध्ये इंटरनेटवरून नवीन काही उतरवून घेतलंत?"

"पडद्याच्या कोपऱ्यातलं ते घड्याळ. फुकट होतं. जरा मागे पडतं."

"त्याच्याच आडून तो शिरलाय. कुठेतरी बसून तुमचं सगळं बघतो, मनात आलं तर पुसूनही टाकेल. घड्याळ काढावं लागेल."

"मागे पडतं म्हणून कुणी घड्याळ टाकून देत नाही."

"त्यासाठी नाही हो," बायको म्हणाली. "पोरगी फोन लावून लावून थकली असेल, म्हणून."

घड्याळजी आपणहून खुर्चीतून उठले. "काढा."

फोन मोकळा झाला आणि थोड्याच वेळात खणाणला.

"आई, आहात ना गं दोघं? फोन लागेना की पोटात गोळा यायचा. आधीच तिथे जागा नाही!"

दुपारी घड्याळजी पत्त्यांसमोर बसले. बाण जागचा हलेना. बायकोने निवडायची भाजी बाजूला ठेवली आणि स्टूल ओढलं. तिला पत्ते कळत नव्हते, रंग कळत होते.

"ती लाल त्या काळीवर ठेवा की."

"दिसलं होतं मला."

"मग ठेवली का नाही?"

"वाट बघत होतो."

थोड्या वेळाने त्यांनी बटण दाबून ट्रे बाहेर काढला, त्यावर बिस्किट ठेवलं आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "घे."

ट्रे आत जायच्या आधी तिने ते उचललं.