सील न तुटलेली खोकी

इस्पितळाचं कोठार मी अठरा वर्षं सांभाळतेय. साथ आली तर लागणारे मास्क, हातमोजे, अंगभर झगे, सगळं सीलबंद खोक्यांत. वर्षातून एकदा तपासणीवाले यायचे, सील शाबूत बघून पाठ थोपटायचे. तुटलेलं दिसलं की शेरा मारायचे. माझ्या नावावर एकही शेरा नाही, म्हणून मान ताठ!

धाकटी बहीण इथेच नर्स. दोन वर्षांपूर्वी म्हणाली, "ताई, एक खोकं फोडून बघूया का गं?"

मी खेकसले, "तुझ्या बापाचा माल आहे का?" बाप आमचा एकच, तरी म्हटलं. ती खो खो हसली आणि कामाला गेली.

मंगळवारी साथ आली. एका सकाळी बारा जण तापाने फणफणलेले. बहीण धावत आली. मी ऐटीत पहिलं सील तोडलं. हातमोजे एकमेकांना चिकटून गोळा झालेले. मास्कचं रबर हात लावताच तुटलं. दुसरं खोकं, तिसरं, सतरावं. सगळीकडे तीच रड.

"अगं, शिव्या तरी घाल मला!"

"वेळ नाही, ताई." तोंडाला रुमाल बांधून ती वॉर्डात गेली.

मी वरच्या ऑफिसला फोन लावला. साहेब म्हणाले, "तुमच्याकडे साठा पूर्ण आहे. कागदावर तुमचीच सही आहे. नवी मागणी कशी मंजूर करू?" घ्या! आपलेच दात, आपलेच ओठ.

सातव्या दिवशी तिला ताप चढला. शेवटच्या खोलीत एकटीला ठेवलं. बाकीच्या नर्स दारातूनच पाण्याची बाटली आत सरकवायच्या. त्यांना कुठल्या तोंडानं बोलू?

आज दुपारी तिचा खोकला थांबेना. मी तशीच निघाले, उघड्या हातांनी. दार ढकललं. आतून कडी.

"उघड गं."

"नाही."

"मेले, घोटभर पाणी तरी पाजू दे!"

"दोघी गेलो तर आईला कोण बघेल?" तिला धाप लागली. "जा ना, ताई."

मी दार बडवलं, रडले, बाहेर ये, पाठीत धपाटाच घालते म्हणाले. थोड्या वेळाने खोकला थांबला. मी हाका मारत राहिले. कडी काही निघाली नाही.